विस्मरणाची वही आणि प्रथिनांचा अहवाल : अल्झायमरची सुरुवात कशी ओळखावी

घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विसरायला होऊ लागले की आपल्याकडे दोन टोकांची वागणूक दिसते. एक तर ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून हसण्यावारी न्यायचे, नाहीतर घाबरून थेट एखादी महागडी तपासणी करून टाकायची. पहिल्या मार्गाने उपचाराची आणि नियोजनाची मोलाची वर्षे हातची जातात. दुसऱ्या मार्गाने हाती असा कागद पडतो की त्याचा अर्थ घरात कोणालाच लावता येत नाही. अलीकडे हा दुसरा धोका वाढला आहे. अल्झायमरशी निगडित प्रथिने मोजण्यासाठी पूर्वी पाठीच्या मणक्यातून पाणी काढावे लागे किंवा खास पेट स्कॅन करावा लागे. तेथे आता रक्ताची एक नळी पुरू लागली आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्तचाचणीला मंजुरी दिली.

येथे सुचवलेला क्रम असा आहे : आधी घरची वही, मग साध्या तपासण्या, मग एमआरआय, आणि प्रथिनांची मोजणी सर्वांत शेवटी; तीही तिच्या उत्तरावर एखादा खरा निर्णय अवलंबून असेल तरच. पुष्कळांना हा क्रम उलटा वाटतो. आजाराचे मूळच जर प्रथिनांत असेल तर प्रथिनेच आधी का पाहू नयेत, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्या प्रथिनांच्या वागण्यात आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करू.

दोन प्रथिने, दोन वेळापत्रके

१९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचे विस्मरण आणि संशयीपणा यांची बारकाईने नोंद ठेवणारे डॉक्टर होते आलोइस अल्झायमर. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा अल्झायमर म्युनिकला गेले होते. त्यांनी तिचा मेंदू मागवून घेतला, त्याच्या पातळ कापांवर चांदीच्या क्षाराची रंगप्रक्रिया केली आणि ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेनच्या सभेत आपली निरीक्षणे मांडली. पेशींच्या बाहेर कसलेसे थर साचले होते आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते झाले होते. हे थर आणि गुंते कशाचे, हे कळायला पुढची जवळपास ऐंशी वर्षे लागली. बाहेरच्या थरांतले प्रथिन १९८४ मध्ये जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी वेगळे काढले. त्याला आज आपण अमिलॉइड-बीटा म्हणतो. आतले गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे आहेत, हे त्याच दशकात स्पष्ट झाले.

अमिलॉइड-बीटा हे काही बाहेरून आलेले विष नव्हे. चेतापेशीच्या आवरणात एक मोठे प्रथिन असते, ज्याचा जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे. दोन विकरे ते दोन ठिकाणी कापतात आणि मधला तुकडा बाहेर पडतो. हा तुकडा बहुधा ४० दुव्यांचा (म्हणजे अमिनो आम्लांचा) असतो, थोड्या प्रमाणात ४२ दुव्यांचा. हा ४२चा तुकडा अधिक चिकट असतो. असे तुकडे तुमच्या-आमच्या सर्वांच्या मेंदूत रोज तयार होतात आणि रोज वाहून जातात. तयार होणे आणि निचरा होणे यांचा मेळ बिघडला की ते एकमेकांना चिकटतात, आधी लहान गुच्छ होतात आणि पुढे थर साचतात. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींमध्ये २१वे गुणसूत्र एक जास्त असते. त्यांच्या मेंदूत हे थर चाळिशीतच आढळतात, ही गोष्ट या समजुतीला मोठा आधार देते.

साचलेल्या थरांपेक्षा ते विरघळलेले लहान गुच्छच चेतासंधींना, म्हणजे दोन चेतापेशींमधल्या निरोपाच्या जागांना, अधिक बाधतात असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. मात्र या क्षेत्रात एक ठेचही लागलेली आहे. अशाच एका विशिष्ट गुच्छामुळे उंदरांची स्मृती जाते असे सांगणारा २००६ मधला एक गाजलेला शोधनिबंध, त्यातील चित्रांत फेरफार आढळल्यामुळे, २०२४ मध्ये मागे घेण्यात आला. त्यावरून ‘अमिलॉइडची सगळी गोष्टच खोटी’ असा निष्कर्ष काही ठिकाणी काढला जातो. तो बरोबर नाही, कारण वर सांगितलेला गुणसूत्रांचा पुरावा त्या निबंधावर मुळीच अवलंबून नाही.

टाऊचे नेहमीचे काम निराळे आहे. चेतापेशीचा तंतू लांबच लांब असतो आणि त्यातून मालवाहतूक चालते ती सूक्ष्म नळ्यांच्या रुळांवरून. रुळांखालचे स्लीपर जसे रूळ जागच्या जागी धरून ठेवतात, तसे टाऊ या नळ्यांना धरून ठेवते. त्याच्यावर फॉस्फेटचे कण प्रमाणाबाहेर बसू लागले की ते नळीवरून सुटते आणि सुटलेले टाऊ आपसांत गुंतते. १९९१ मध्ये हाइको आणि एवा ब्राक या दांपत्याने शेकडो नव्हे तरी पुष्कळ मेंदू तपासून या गुंत्यांचा प्रवास ठरावीक वाटेने होतो हे दाखवले. सुरुवात होते कानशिलामागच्या खंडाच्या आतल्या घडीत, एंटोऱ्हायनल कॉर्टेक्स नावाच्या भागात, मग हिप्पोकॅम्पस, आणि त्यानंतर मेंदूच्या बाह्य आवरणाचे विस्तृत प्रदेश.

या वाटेत विस्मरणाच्या स्वरूपाचे सगळे मर्म आहे. हिप्पोकॅम्पस ही मेंदूच्या कचेरीतली आवक नोंदवही समजा आणि एंटोऱ्हायनल भाग ही त्या कचेरीची देवडी. दिवसभरात जे पाहिले, ऐकले, अनुभवले ते देवडीतून आत येते आणि वहीत चढते. जुने दप्तर मात्र केव्हाच आतल्या कपाटांत, म्हणजे बाह्य आवरणात, लावून झालेले असते. टाऊने आधी देवडी आणि मग वही गाठली की नवे कागद नोंदले जात नाहीत, पण जुने कपाट शाबूत राहते. म्हणूनच १९७२ च्या दुष्काळात कोणत्या कामावर किती मजुरी मिळत होती हे तपशिलाने सांगणाऱ्या आजोबांना सकाळी कोण भेटून गेले हे सांगता येत नाही. पावकी-निमकी धडाधड म्हणता येते, आरत्या तोंडपाठ असतात, यावरून ‘स्मरणशक्ती तर खणखणीत आहे’ असे जे समाधान घरचे लोक करून घेतात ते फसवे असते. त्यांनी कपाट तपासलेले असते, वही नव्हे.

आता वेळापत्रकाकडे पाहू. अमिलॉइड देवडीपाशी सुरू होत नाही, ते बाह्य आवरणात साचू लागते आणि विस्मरण दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साचत असते. उतारवयात देवडीपाशी थोडे टाऊ पुष्कळांच्या मेंदूत असतेच. अमिलॉइडची जोड मिळाली की ते तेथून बाहेर पसरते, असे आज मानले जाते. माणसाला किती विसरायला होते याचा मेळ अमिलॉइडच्या प्रमाणाशी फारसा बसत नाही. टाऊचा फैलाव आणि नष्ट झालेल्या चेतासंधी यांच्याशी तो चांगला बसतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कोलंबियातील अँटिओकिया प्रांतातले आहे. तेथील एका मोठ्या कुळात प्रिसेनिलिन-१ या जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. फ्रान्सिस्को लोपेरा या डॉक्टरांनी या कुळाचा अनेक दशके अभ्यास केला. हा दोष असलेल्यांच्या मेंदूत अठ्ठाविशीच्या सुमारास अमिलॉइड साचू लागते आणि स्मृतीचा ऱ्हास चव्वेचाळिशीच्या आसपास जाणवतो. त्याच कुळातील एका स्त्रीच्या मेंदूत अमिलॉइड भरभरून होते, पण टाऊचा फैलाव अगदी कमी होता, आणि तिला सत्तरी गाठेपर्यंत लक्षणीय विस्मरण झाले नाही. शरीरात चरबीची ने-आण करणाऱ्या एका प्रथिनाच्या, एपीओई नावाच्या जनुकात तिच्याकडे एक दुर्मिळ बदल दोन्ही प्रतींत होता, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचा अमिलॉइडचा अहवाल कोणी पन्नाशीत वाचला असता तर काय भाकीत केले असते, याचा विचार करावा.

वही कशी ठेवावी

साधी शाळेची दोनशे पानी वही पुरते. सहा आठवडे नोंद ठेवावी, आणि ती शक्यतो त्या व्यक्तीच्या सोबत राहणाऱ्या एकाच माणसाने ठेवावी. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असाव्यात : तारीख आणि वेळ, काय घडले, आठवण करून देण्यासाठी आपण कोणता धागा दिला, आणि तो दिल्यावर आठवले की नाही. यांतली चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच लिहायची राहून जाते.

कारण असे. वय वाढले की कपाटातून कागद काढायला वेळ लागतो. हा उशीर सर्वांच्या वाट्याला येतो. काल आलेल्या पाहुण्यांचे नाव आठवत नाही, पण ‘अहो, ते साताऱ्याचे, तुमच्या बँकेतले’ एवढे म्हणताच नाव ओठांवर येते, तेव्हा कागद नोंदलेला होता, फक्त सापडत नव्हता. पाहुणे साताऱ्याचे, बँकेतले, सोबत पेढे आणले होते, तुम्ही त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला होता, इतके सगळे सांगूनही ‘काल कोणी आलेच नव्हते’ असे उत्तर येते, तेव्हा तो कागद आवक वहीत चढलाच नव्हता. दुसरा प्रकार पुन्हा पुन्हा दिसू लागला तर तो वैद्यकीय सल्ल्याचा विषय आहे. तपासणीच्या वेळी तज्ज्ञ शब्दांची यादी देऊन, काही मिनिटांनी ती विचारून, मग सूचक शब्द देऊन जे करतात ते याच फरकाचे मोजमाप असते.

तुलना शेजारच्या आजींशी करू नये. त्या व्यक्तीची तुलना पाच वर्षांपूर्वीच्या तिच्याशीच करावी. ज्यांनी आयुष्यभर कधी भाजीचा हिशेब ठेवला नाही त्यांचा हिशेब चुकला तर त्याला अर्थ नाही, पण भिशीचा पैन्‌पै हिशेब सांभाळणाऱ्या बाईंनी एकाच महिन्याचे पैसे दोनदा मागितले तर त्याला अर्थ आहे. आज तारीख कोणती, हा प्रश्न आपल्याकडे तसाही कुचकामी ठरतो, कारण निवृत्त माणसाला तारखेशी काय देणेघेणे? मात्र जी आजी इतकी वर्षे पंचांग न पाहता एकादशी आणि संकष्टी सांगत असे, ती उपासाच्या दिवशी जेवून बसली आणि नंतर त्याची खंतही तिला वाटली नाही, तर ती नोंद वहीत ठळक लिहावी. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे हीही अशीच ठळक नोंद, कारण जागेचा नकाशा राखणाऱ्या पेशी याच देवडीच्या आणि हिप्पोकॅम्पसच्या परिसरात असतात. या पेशींच्या शोधासाठी जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्य यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वहीत काय नसावे, हेही सांगितले पाहिजे. ‘आज फारच विसरल्या’ असे शेरे निरुपयोगी असतात. तसेच घरात परीक्षा घेऊ नये. ‘सांग पाहू, सकाळी काय खाल्लेस?’ असे नातवंडांसमोर विचारल्याने माहिती काही मिळत नाही, माणूस दुखावतो आणि पुढे बोलेनासा होतो. वही लपवून ठेवण्याचीही गरज नाही. ‘डॉक्टरांना सांगायला बरे पडेल म्हणून आपण दोघे मिळून लिहू’ असे म्हटले तर पुष्कळ जण मनापासून साथ देतात, आणि त्यांना स्वतःला काय जाणवते हेही त्यातून कळते. स्वतःहून ‘माझ्या काहीच लक्षात राहत नाही’ असे वारंवार, काकुळतीने सांगणाऱ्या माणसात अनेकदा नैराश्य किंवा चिंता आढळते. अल्झायमरच्या सुरुवातीला पुष्कळदा तक्रार घरच्यांची असते आणि ती व्यक्ती म्हणते, मला काही झालेले नाही.

एका परिस्थितीत मात्र वहीची वाट पाहू नये. दोन-चार दिवसांत एकाएकी गोंधळ उडाला, दिवस-रात्र कळेनाशी झाली, माणूस गुंगीत गेला किंवा भलतेच दिसू लागले, तर तो बहुधा संसर्ग, शरीरातील क्षार कमी होणे, औषधाचा परिणाम किंवा मेंदूतला रक्तस्राव असतो. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. अल्झायमर असा धावत येत नाही.

दवाखान्यात जाताना

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. ते सारे अल्झायमरचे नाहीत, आणि विसराळूपणाची काही कारणे तर चक्क दुरुस्त होणारी असतात. म्हणून पहिली फेरी साध्या तपासण्यांची : बी-१२, थायरॉइडसाठी टीएसएच, साखर, हिमोग्लोबिन, सोडियम, मूत्रपिंड आणि यकृताचे कार्य. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आणखी वाढते. बी-१२ कमी निघाले तर ते भरून काढावे, पण ‘सापडले कारण’ म्हणून फाइल बंद करू नये. कमतरता आणि अल्झायमर एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडून पाहावी.

घरातली सगळी औषधे, डबीतल्या सुट्या गोळ्यांसह, एका पिशवीत घालून न्यावीत. झोपेसाठी घेतलेली अल्प्राझोलाम, सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, लघवीवरच्या ताब्यासाठीची काही औषधे, यांनी वृद्धांची स्मृती मंदावते. त्या गोळ्या स्वतःहून एकदम थांबवू नयेत. विशेषतः झोपेच्या गोळ्या अचानक सोडल्यास त्रास होतो. डॉक्टरांसमोर पिशवी रिकामी करावी, एवढेच आपले काम.

स्मृतीची चाचणी मराठीतच व्हावी असा आग्रह धरावा, आणि चष्मा व श्रवणयंत्र न विसरता न्यावे. ऐकूच न आलेला शब्द आठवला नाही, तर दोष स्मृतीचा नसतो. रुग्णाचे शिक्षण किती आणि काम काय होते, हे आधीच सांगावे. फारसे न शिकलेल्या माणसाला शंभरातून सात-सात वजा करायला लावणारी किंवा घनाकृती काढायला लावणारी चाचणी अन्यायाची ठरते. हरियाणातील बल्लभगड परिसरात निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत मुद्दाम निराळी चाचणी तयार करावी लागली ती याच कारणासाठी. एकूण गुणांपेक्षा ‘काही मिनिटांनी आठवलेले शब्द’ आणि ‘सूचना दिल्यावर आठवलेले शब्द’ हे आकडे विचारून वहीत लिहून घ्यावेत.

एमआरआयचा कागद

एमआरआयमध्ये प्रथिने दिसत नाहीत. दिसते ती प्रथिनांनी आणि इतर कारणांनी झालेली झीज. तपासणीच्या चिठ्ठीवर ‘स्मृतीची तक्रार’ असे स्पष्ट लिहून घ्यावे, म्हणजे हिप्पोकॅम्पस नीट दिसतील असे उभे छेद घेतले जातात आणि अहवालात त्यांचा उल्लेख येतो. ‘मीडियल टेम्पोरल अ‍ॅट्रॉफी’ या शब्दांपुढे ० ते ४ पर्यंतचा आकडा असू शकतो. पंचाहत्तरीच्या आत २ किंवा अधिक, आणि त्यानंतर ३ किंवा अधिक असल्यास तो सामान्यतः वयाच्या मानाने जास्त समजतात. ‘फाझेकस’ या नावापुढचा ० ते ३ हा आकडा बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचा आहे; तो वाढलेला असेल तर रक्तदाब आणि साखर यांच्याकडे तातडीने पाहावे. ‘वयोमानानुसार झीज’ हे वाक्य मात्र साठीपुढच्या बहुतेक अहवालांत असतेच, त्याने घाबरू नये. न्हाणीघरात घसरून पडल्यानंतर काही आठवड्यांनी सुरू झालेल्या विस्मरणात कवटीखाली साचलेले रक्त सापडते आणि ते काढता येते. केवळ एवढ्यासाठीसुद्धा हा स्कॅन मोलाचा आहे.

प्रथिनांचा अहवाल वाचताना

येथवर आल्यावर मेंदूविकारतज्ज्ञांना एक प्रश्न विचारावा : ‘प्रथिनांची चाचणी केली तर तिच्या उत्तराने आपण वेगळे काय करणार?’ रुग्ण पासष्टीच्या आतला असेल, लक्षणे नेहमीच्या साच्यात बसत नसतील, किंवा अमिलॉइड काढून टाकणाऱ्या औषधाचा विचार चालू असेल, तर उत्तर उपयोगाचे आहे. ऐंशीपुढच्या रुग्णात, जेथे चित्र वहीवरून आणि स्कॅनवरून पुरेसे स्पष्ट आहे, तेथे बहुधा नाही.

चाचणी केलीच तर अहवालातील दिशा नीट समजून घ्यावी, कारण ती बुचकळ्यात टाकते. पाठीतून काढलेल्या पाण्यात अमिलॉइड-बीटा ४२ कमी निघाले तर ती अल्झायमरकडे बोट दाखवणारी खूण असते. वाढलेले प्रथिन कमी कसे, असे वाटेल; पण ते मेंदूत थरांच्या रूपाने अडकून बसते, म्हणून पाण्यात कमी उतरते. काही माणसांच्या मेंदूत मुळातच हे तुकडे कमी-जास्त तयार होतात, म्हणून नुसत्या ४२ पेक्षा ४२ आणि ४० यांचे गुणोत्तर अधिक भरवशाचे. फॉस्फेट बसलेले टाऊ मात्र वाढते.

रक्तातील चाचणीत पाहिले जाते ते पी-टाऊ २१७, म्हणजे साखळीतल्या २१७व्या दुव्यावर फॉस्फेट बसलेले टाऊ. नाव टाऊचे असले तरी मेंदूत अमिलॉइड साचू लागले की ते वाढायला लागते, गुंते सर्वदूर पसरण्याच्या आधीच. म्हणून ‘टाऊ वाढले म्हणजे आजार पुढे गेला’ असा सरळ अर्थ काढू नये. अमेरिकेत मंजूर झालेल्या चाचणीत या प्रथिनाचे अमिलॉइड-बीटा ४२ शी असलेले गुणोत्तर काढतात, आणि ती ५५ वर्षांवरील, लक्षणे असलेल्या रुग्णांसाठीच आहे. ४९९ रुग्णांच्या अभ्यासात ज्यांचे उत्तर होकारार्थी आले त्यांपैकी सुमारे ९२ टक्क्यांच्या मेंदूत अमिलॉइड खरोखर होते आणि नकारार्थी आलेल्यांपैकी सुमारे ९७ टक्क्यांच्या मेंदूत नव्हते. पण वीस टक्क्यांहून थोड्या कमी रुग्णांत उत्तर अधांतरी राहिले. अधांतरी उत्तर हेही एक उत्तर आहे, आणि अशा वेळी पुढची तपासणी हवी की सहा महिने थांबायचे हे तज्ज्ञांशी बोलून ठरवावे. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर पी-टाऊ तसेही वाढलेले दिसते. दोन प्रयोगशाळांच्या पद्धती वेगळ्या असतील तर त्यांचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढले-घटले’ म्हणू नये.

निरोगी मुलांनी किंवा भावंडांनी उत्सुकतेपोटी ही चाचणी करून घेऊ नये. स्मृती ठणठणीत असलेल्या लोकांत अमिलॉइड किती आढळते, याचा अनेक अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्के. त्यांतल्या अनेकांना आयुष्यात कधीही स्मृतिभ्रंश होत नाही. एपीओई-४ या, त्याच एपीओई जनुकाच्या एका प्रकाराचेही तसेच आहे : तो धोका वाढवतो, निदान करत नाही. उलट बाजूने, अल्झायमरसारखेच हळूहळू वाढणारे विस्मरण अतिवृद्धांत टीडीपी-४३ नावाच्या तिसऱ्याच प्रथिनामुळेही होते, आणि एकाच मेंदूत दोन-तीन कारणे असणे हे ऐंशीनंतर नेहमीचेच.

निदान झाल्यावरचे पहिले महिने

डोनेपेझिलसारखी जुनी औषधे प्रथिनांना हात लावत नाहीत. ती अ‍ॅसिटिलकोलीन या निरोप्या रसायनाची पातळी राखतात आणि काहींना काही काळ थोडा फायदा देतात. अमिलॉइड काढून टाकणाऱ्या औषधांपैकी लेकॅनेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. १,७९५ रुग्णांच्या चाचणीत अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी झाला, असे वाचायला मिळते. तोच फरक १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणांचा होता, हेही त्याच्या शेजारीच वाचावे. सुमारे १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत सूज दिसली. एपीओई-४ च्या दोन प्रती असलेल्यांत तर सुमारे तिघांपैकी एकात. सुरुवातीला दर पंधरवड्याला शिरेतून औषध, वारंवार एमआरआय, आणि तेही फक्त सुरुवातीच्या अवस्थेत. निर्णय घेताना मोठा दिलासा किंवा मोठी भीती यांपेक्षा हे चार आकडे समोर ठेवावेत. अमिलॉइड निघून गेले तरी स्मृती परत येत नाही, हे मात्र स्पष्ट आहे. वर पाहिलेल्या वेळापत्रकाशी ते सुसंगतच आहे.

श्रवणयंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि माणसांत मिसळणे यांकडे लगेच लक्ष द्यावे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी टाळण्याजोगी १४ कारणे सांगितली, त्यांत ही सगळी आहेत.

कागदपत्रांची घाई मात्र खरोखर करावी. घरच्यांचा समज असतो की मुखत्यारपत्र करून ठेवले की पुढचे सगळे निभावेल. आपल्या कायद्यात देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या असमर्थ झाली की मुखत्यारपत्राचा अधिकारही संपतो. म्हणून मृत्युपत्र, बँकेतील नामनिर्देशन, संयुक्त खाते, विम्याचे कागद ही कामे ती व्यक्ती स्वतः समजून निर्णय घेऊ शकते तोवर, तिच्याशी मोकळेपणाने बोलून, वकिलांच्या आणि डॉक्टरांच्या दाखल्याच्या मदतीने उरकावीत. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची जबाबदारी घरातल्या एकाने आपल्याकडे घ्यावी.

वही चालूच ठेवावी. दर सहा महिन्यांनी पंधरा दिवसांच्या नोंदी, त्याच चार रकान्यांत. पहिल्या पानावर रुग्णाच्या स्वतःच्या अक्षरात नाव, पत्ता आणि घरातल्या कोणाचा तरी दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा, आणि त्याची एक चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात किंवा पर्समध्ये कायम ठेवावी. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर अहवालांच्या आधी हीच वही उघडावी.